जुन्या दोन-नोड क्लस्टरवरचा फाइल सर्व्हर नव्या हार्डवेअरवर न्यायचाय, क्रम कसा ठेवू?

गिरणाकाठ (प्रश्न)

राम राम मंडळी. जळगाव एमआयडीसीत डाळमिल आणि जिनिंग, एकाच मालकाचं. आयटीचं काम माझ्याकडे. सध्याची मांडणी अशी:

दोन सर्व्हर, दोन्हीवर विंडोज सर्व्हर २०१२ आर२, दोन-नोड फेलओव्हर क्लस्टर (एक सर्व्हर, म्हणजे नोड, पडला की दुसरा काम घेतो). मागे एक आयस्कझी स्टोरेज (नेटवर्कवरून जोडलेली डिस्कची पेटी), सगळं १ गिगाबिटवर. लोक ज्या नावाने शेअर उघडतात ते नाव ‘कोठार’. व्हॉल्यूमवर ४.९ टीबी वापर दिसतो, फाइली साधारण ३८ लाख. टॅलीचा डेटा, वजनकाट्याच्या पावत्या, लॅबचे ओलाव्याचे रिपोर्ट, स्कॅन केलेली बिलं आणि एकमेकींना लिंक केलेल्या एक्सेलचं जंगल. वापरणारे १४०. धुळ्याच्या शाखेत वेगळा लिनक्सचा डबा आहे, त्यावर सांबा (लिनक्सवरून विंडोजसारखे शेअर देणारं सॉफ्टवेअर), १.२ टीबी, तो डोमेनमध्ये (कंपनीच्या सामायिक लॉगिन-व्यवस्थेत) नाही.

नवीन आलंय ते: दोन सर्व्हर, ४ टीबीच्या ८ डिस्कची आयस्कझी स्टोरेज, १० गिगाबिटचा स्विच, विंडोज सर्व्हर २०२२ स्टँडर्ड.

माझ्या डोक्यात दोन रस्ते आहेत. जुन्या क्लस्टरमधला एकेक नोड काढून नवा घालत जायचं, किंवा वेगळा क्लस्टर उभा करून रोबोकॉपी (विंडोजची फाइली कॉपी करायची कमांड) मारायची. दसऱ्यानंतर कापूस यायला लागला की गेटवर रात्री बारालाही गाड्या असतात, त्यामुळे श्रावणातच उरकायचंय. कानबाईचा रविवार धरलाय. सोमवारी विसर्जन, म्हणजे दुपारपर्यंत ऑफिसात चिटपाखरू नसतं. शनिवार संध्याकाळ ते सोमवार दुपार एवढा वेळ पुरेल का? आणि आधी काय, नंतर काय?

---

तोरणमाळ

नोड बदलत जायचा रस्ता सोडा. रोलिंग अपग्रेड, म्हणजे असं एकेक नोड बदलत जाणं, एका वेळी एकच आवृत्ती पुढे नेतं. २०१२ आर२ वरून २०१६, तिथून २०१९, मग २०२२. म्हणजे तीन फेऱ्या. प्रत्येक फेरीत दोन्ही नोड काढा, नव्याने ओएस टाका, परत जोडा, शेवटी क्लस्टरची फंक्शनल लेव्हल वाढवा, आणि ती एकदा वाढवली की मागे येत नाही. मिश्र अवस्थेत चार आठवड्यांपेक्षा जास्त राहू नका असं मायक्रोसॉफ्टच सांगतं. हार्डवेअर नवं, स्टोरेजही नवी, मग जुन्या क्लस्टरचं ओझं पुढे कशाला वाहायचं? नवा क्लस्टर, नवं नाव, आणि शेवटच्या रात्री फक्त ‘कोठार’ हे नाव इकडून तिकडे.

बाकी डेटा हलवणं यातला सोपा भाग आहे. तो आठ दिवस आधीपासून मागे चालू राहतो, कोणाला कळतही नाही. सोमवारी फोन वाजतात ते नाव, परवानग्या आणि उघड्या राहिलेल्या फाइली यांच्यामुळे. तयारीचा वेळ तिकडे घाला.

आता पहिली शंका. ४.९ टीबी हा आकडा खरा आहे का? जुन्या व्हॉल्यूमवर डीडुप्लिकेशन (सारख्या मजकुराची एकच प्रत ठेवणं) चालू असेल तर तो आकुंचित आकडा आहे. पॉवरशेलमध्ये गेट-डीडुपस्टेटस चालवा आणि ‘सेव्हड स्पेस’ पाहा. रोबोकॉपी फाइल वाचते तेव्हा ती पूर्ण आकाराची वाचते, तशीच पलीकडे लिहिते. नव्या बाजूला डीडुप चालू केलं तरी डीफॉल्टने ३ दिवस जुन्या झालेल्या फाइलींनाच ते हात लावतं. म्हणजे नव्या व्हॉल्यूमवर जागा पूर्ण आकाराची लागणार.

दुसरं, फॉरमॅट. आठ डिस्कचं रेड ६ (दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकतो) म्हणजे २४ टीबी, विंडोजमध्ये २१.८ दिसेल. आत्ता १० टीबीचं व्हॉल्यूम करून पुढे वाढवू असा बेत असेल तर थांबा. एनटीएफएसचं (विंडोजची डिस्क-मांडणी) ४ केबीचं ॲलोकेशन युनिट (जागा वाटायचा सगळ्यात छोटा तुकडा) १६ टीबीपाशी संपतं, नंतर वाढवता येत नाही, पुन्हा फॉरमॅटच करावं लागतं. सुरुवातीलाच ६४ केबी घ्या. आणि एकच राक्षसी व्हॉल्यूम नको. टॅली आणि चालू कामाचं एक, स्कॅन आणि जुन्या वर्षांचं दुसरं. बॅकअप परत आणायची वेळ आली की याची किंमत कळते.

तिसरं, पैशाचं. सर्व्हर २०२२ ला २०२२ चीच क्लायंट ॲक्सेस लायसन्स (सर्व्हर वापरायचे परवाने) लागतात. २०१२ ची चालत नाहीत. कोटेशनमध्ये १४० लायसन्सची ती ओळ आहे का, आजच बघा.

---

केळीचं_खांब

तोरणमाळ दादांशी सहमत, फक्त रोबोकॉपीऐवजी स्टोरेज मायग्रेशन सर्व्हिस बघा. २०१९ पासून विंडोजमध्येच आहे, विंडोज ॲडमिन सेंटरमधून चालते. तीन टप्पे: यादी करणं, डेटा नेणं, आणि शेवटी जुन्या सर्व्हरचं नाव-आयपी नव्याला देणं. शेअर, शेअरच्या परवानग्या, एनटीएफएस परवानग्या, सगळं आपोआप. क्लस्टरही चालतो, सांबाही चालतो, म्हणजे धुळ्याचा डबाही त्यातच बसेल. जुन्या मशीनवर फायरवॉलमध्ये चार नियम उघडे लागतात: फाइल शेअरिंगचा एसएमबी-इन, नेटलॉगॉनचा एनपी-इन, आणि डब्ल्यूएमआयचे दोन.

नाहीतर रोबोकॉपीच करायची असेल तर शेअर पुन्हा बनवत बसू नका. रजिस्ट्रीत लॅनमॅनसर्व्हरच्या खाली ‘शेअर्स’ की असते. ती एक्सपोर्ट करायची, नव्यावर इम्पोर्ट करायची, सर्व्हर सर्व्हिस रीस्टार्ट. ड्राइव्हचं अक्षर तेच ठेवायचं, एवढंच.

---

तोरणमाळ

रजिस्ट्रीची युक्ती एकट्या सर्व्हरसाठी पक्की आहे, पण इथे लागू नाही. क्लस्टरमधले शेअर त्या कीमध्ये नसतात, ते क्लस्टरच्या डेटाबेसात असतात. ती की एक्सपोर्ट केली तर हाती जवळजवळ रिकामी फाइल येईल. इथे गेट-एसएमबीशेअरला स्कोपनेम (ज्या नावाखाली शेअर दिसतात ते) ‘कोठार’ देऊन यादी काढायची, गेट-एसएमबीशेअरॲक्सेसने परवानग्या, दोन्ही सीएसव्हीत. मग नव्या भूमिकेच्या (क्लस्टरवर चालणाऱ्या फाइल सर्व्हरच्या) स्कोपनेमवर न्यू-एसएमबीशेअर. पन्नासेक शेअर असतील तर वीस ओळींची स्क्रिप्ट होते. ‘ॲक्सेस-बेस्ड एन्युमरेशन’ आणि ऑफलाइन कॅशिंगचे पर्याय पण त्याच यादीत येतात, ते विसरू नका. नाहीतर ज्याला जे फोल्डर दिसू नये ते दिसायला लागतं आणि पगारपत्रकाची चर्चा कँटीनमध्ये होते.

मायग्रेशन सर्व्हिस चांगली आहे, नाव ठेवत नाही. पण ती फाइलीची चालू आवृत्तीच नेते, शॅडो कॉपीतल्या ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’, म्हणजे फाइलींच्या जुन्या आवृत्त्या, येत नाहीत. लोकल वापरकर्ते नेले तर ते नव्यावर बंद अवस्थेत आणि लांबलचक रँडम पासवर्डसह येतात. धुळ्याच्या सांबावरून विंडोजवर नेणार असाल तर सोमवारी सगळ्यांचं लॉगिन अडेल ते यामुळे. डोमेन कंट्रोलरची (लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरची) ओळखही ती हलवत नाही. तुमच्यासारख्या एकाच फाइल सर्व्हरला मी रोबोकॉपी निवडेन, कारण प्रत्येक फेरीत नेमकं काय झालं ते लॉगमध्ये दिसतं. आवड आपापली.

रोबोकॉपी नव्या नोडवरून चालवा, जुन्याकडून ओढून घ्यायची. माझे स्विच हे:

/एमआयआर /कॉपीऑल /डीकॉपी:डीएटी /बी /आर:१ /डब्ल्यू:१ /एमटी:१६ /एक्सजे /एनपी /युनिलॉग

का ते सांगतो. /एमआयआर म्हणजे पलीकडची बाजू हुबेहूब इकडच्यासारखी, जास्तीचं पुसून. /आर दिला नाही तर एका अडकलेल्या फाइलीवर दहा लाख वेळा प्रयत्न होतात, दर वेळी ३० सेकंद थांबून. रात्रभर एकाच उघड्या एक्सेलवर बसलेली रोबोकॉपी म्हणजे हाच प्रकार. /बी म्हणजे बॅकअप मोड, ज्या फोल्डरवर ॲडमिनलाच परवानगी नाही तेही वाचता येतं. /युनिलॉग मराठी नावांसाठी. साध्या लॉगमध्ये ‘कापूस खरेदी’ हे नुसत्या प्रश्नचिन्हांची रांग होऊन येतं आणि कुठली फाइल राहिली ते शोधता येत नाही. पाथ बॅच फाइलमध्ये लिहिणार असाल तर वर सीएचसीपी ६५००१ टाका.

तीन खड्डे:

ड्राइव्हच्या मुळापासून कॉपी केली तर पलीकडचं फोल्डर ‘हिडन’ आणि ‘सिस्टम’ होऊन गायब दिसतं. डेटा असतो, दिसत नाही. /ए-:एसएच द्या. शिवाय ‘सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ आणि रिसायकल बिन /एक्सडीने वगळा. डीडुपचा चंकस्टोअर तिथेच असतो, तो कॉपी करून काही मिळत नाही.

एकदा कॉपी झालेल्या फाइलीची नुसती परवानगी नंतर बदलली तर पुढच्या फेरीत ती बदललेली परवानगी जात नाही, कारण रोबोकॉपीच्या लेखी फाइल तीच आहे. शेवटच्या फेरीला /सेकफिक्स लावा.

आणि सगळ्यात वाईट: नाव बदलल्यावर रात्रीचा शेड्युल केलेला /एमआयआर जॉब चालूच राहिला. मंगळवारी पहाटे तो जुनी बाजू खरी मानून नव्यावरच्या सोमवारच्या सगळ्या नव्या फाइली पुसतो. जॉब ‘डिसेबल’ नको, डिलीट करा.

---

पांझरा_पूर

धुळ्याच्या डब्याबद्दल. तो विंडोजवर न्यायलाच हवा असं नाही, नवा लिनक्स डबा करून तिथेच ठेवला तर काम अर्ध्या दिवसाचं आहे.

आरसिंक (लिनक्सची कॉपी-कमांड) रूट म्हणून चालवायचा, स्विच -एएचएएक्स, सोबत --न्यूमेरिक-आयडीज. मधला मोठा ‘ए’ एसीएलसाठी, म्हणजे परवानग्यांच्या यादीसाठी, ‘एक्स’ एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूटसाठी. सांबा विंडोजच्या परवानग्या आणि डॉस ॲट्रिब्यूट तिथेच साठवतं. ‘एक्स’ विसरलात तर फाइली येतात, परवानग्या उडतात. सोर्सच्या शेवटी तिरकी रेघ आहे की नाही ते दोनदा पाहा. रेघ असेल तर आतला माल जातो, नसेल तर फोल्डरसकट जाऊन एक पातळी जास्त तयार होते.

डोमेनमध्ये नाही म्हणजे युजर आणि त्यांचे पासवर्ड पासडीबी.टीडीबीमध्ये, आणि मशीनचा सिड (ओळख-क्रमांक) सीक्रेट्स.टीडीबीमध्ये. सांबा बंद करून टीडीबीबॅकअपने दोन्ही घ्या, नव्यावर ठेवा. होस्टनेम तेच ठेवायचं. जुन्यावर नेट गेटलोकलसिड, नव्यावर तेच चालवून जुळतंय का बघा, नसेल तर नेट सेटलोकलसिड. लिनक्सचे युजर नव्यावर बनवताना युआयडी (युजरचे क्रमांक) जुनेच द्या. १००१ चा १००४ झाला तर एकाच्या फाइली दुसऱ्याच्या नावावर.

१.२ टीबी जळगावला आणणार असाल तर लाइनचा नाद सोडा. ५० एमबीपीएसची लाइन पूर्ण क्षमतेने, एकदाही न तुटता चालली तरी ५३ तास. २ टीबीची यूएसबी डिस्क भरा, एसटीने पारोळा-एरंडोल करत दोन-अडीच तासांत पोचते. डिस्क एन्क्रिप्ट करून द्या म्हणजे झालं. नंतरचा फरक तेवढा आरसिंकने लाइनवरून.

एक मराठी खड्डा. कोणी उलट, म्हणजे विंडोजवरून लिनक्सवर नेत असेल तर: एनटीएफएसमध्ये नावाची मर्यादा २५५ अक्षरचिन्हं आहे, ईएक्सटी४ आणि झेडएफएसमध्ये २५५ बाइट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रा-हलन्त धरून. म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपलं. ‘मौजे साकळी ता. यावल येथील शेतकऱ्यांची…’ अशी सरकारी थाटाची फाइलनावं असतील तर कॉपी ‘नाव फार लांब’ म्हणून अडते. आधी यादी काढून नावं तोडा.

---

न्यूट्रल_वायर

सॉफ्टवेअरवाले जिथे बघत नाहीत तिथलं.

प्रत्येक नव्या सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतील. एक यूपीएस ‘अ’ वर, दुसरा ‘ब’ वर. आणि प्रत्येक यूपीएस एकटा सगळा भार घेऊ शकला पाहिजे, अर्धा-अर्धा हिशेब करू नका. एक पडला की दुसरा ओव्हरलोडने पडतो. यूपीएसवर लिहिलेले व्हीए असतात, सर्व्हरवर वॅट, दोन्ही एक नाहीत.

चालू करायचा क्रम: स्विच, मग स्टोरेज, ती पूर्ण तयार झाल्याचा दिवा लागेपर्यंत थांबायचं, मग डोमेन कंट्रोलर, शेवटी नोड. बंद करताना उलट. वीज गेल्यावर आपोआप चालू व्हायचा पर्याय बायोसमध्ये असतो. नोडसाठी तो बंद करा किंवा उशीर घाला. श्रावणात फीडर दोन-तीनदा ट्रिप होऊन येतो, तेव्हा स्टोरेजआधी नोड उठले तर डिस्क सापडत नाहीत आणि क्लस्टरची भूमिका ‘फेल्ड’ होऊन पडते. डोमेन कंट्रोलर व्हर्च्युअल असून त्याच स्टोरेजवर असेल तर एक तरी बाहेर, वेगळ्या पेटीवर ठेवा.

एसी: आत घेतल्या जाणाऱ्या हवेची शिफारस १८ ते २७ अंश आहे. स्थलांतराच्या आठवड्यात जुनं आणि नवं दोन्ही एकत्र चालणार, उष्णता जवळपास दुप्पट. आत्ता पावसाळा आहे म्हणून निभेल. मे महिन्यात, बाहेर ४५ असताना, हा उद्योग एका दीड टनी एसीवर कोणी करू नये.

रेड बनवल्यावर मागे इनिशियलायझेशन चालतं. ४ टीबीच्या डिस्कना त्याला कित्येक तास लागतात. ते चालू असताना कॉपीचा वेग मोजून ‘नवीन स्टोरेज तर जुन्यापेक्षा हळू’ म्हणत बसू नका. आधी पूर्ण होऊ द्या. कंट्रोलरच्या कॅशची बॅटरी चार्ज झाली नसेल तरी राइट-बॅक (आधी कॅशमध्ये, मग डिस्कवर लिहिणं) आपोआप बंद राहतं.

आयस्कझीला दोन पोर्ट, दोन वेगळे सबनेट, एमपीआयओ (स्टोरेजकडे दोन वाटा, एक तुटली तर दुसरी). टीमिंग (दोन पोर्ट बांधून एक करणं) नको. या कार्डांवर गेटवे द्यायचा नाही आणि ‘डीएनएसमध्ये (नावावरून आयपी सांगणाऱ्या यादीत) नोंदवा’ची खूण काढायची. राहिली तर स्टोरेजचा आयपी डीएनएसमध्ये जातो आणि निम्म्या लोकांना सर्व्हर सापडतो, निम्म्यांना नाही. जम्बो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी डेटाची पाकिटं) लावल्या असतील तर पिंग, तुकडे न करण्याच्या स्विचसह, ८९७२ बाइटने तपासा. मधला एक स्विच पोर्ट १५०० वर राहिला तर छोट्या फाइली जातात आणि मोठ्या अडकतात. असा दोष शोधण्यात दिवस जातो.

---

आखाजीचा_झोका

एक विचारू? क्लस्टर हवाच का? दोन डोकी आणि पोट एक. स्टोरेजची पेटी गेली की दोन्ही नोड बघत बसणार. १४० माणसांना एक चांगला सर्व्हर, दुसऱ्यावर रोजची प्रत, एवढं पुरतं. क्लस्टरमुळे गुंतागुंत वाढते ती वेगळीच.

---

तोरणमाळ

मुद्दा खरा आहे, उत्तर अर्धं. क्लस्टर सर्व्हर बिघडला तर वाचवतो, आणि मुख्य म्हणजे दर महिन्याचे अपडेट दुपारी लावता येतात: भूमिका दुसऱ्या नोडवर, पहिला रीबूट, परत. स्टोरेज, चुकून डिलीट, रॅन्समवेअर यातलं काहीही तो वाचवत नाही, त्याला बॅकअपच लागतो. सामायिक पेटी नको म्हणून स्टोरेज स्पेसेस डायरेक्ट (सर्व्हरमधल्याच डिस्क एकत्र वापरणं) म्हणाल तर त्याला डेटासेंटर एडिशन लागते. स्टँडर्डमध्ये स्टोरेज रेप्लिका (व्हॉल्यूमची दुसरीकडे चालू प्रत) मिळते पण एकच व्हॉल्यूम आणि तेही २ टीबीपर्यंत. यांचा डेटा त्यात मावत नाही. हार्डवेअर आलेलं आहे, क्लस्टर करू द्या. जुना सर्व्हर फेकू नका मात्र, बॅकअपची दुसरी प्रत धुळ्याला ठेवायला तो कामाला येतो.

दोन नोडला साक्षीदार (विटनेस) हवाच, म्हणजे कोणता नोड चालू धरायचा ते ठरवणारं तिसरं मत. नव्या स्टोरेजवर १ जीबीचा छोटा लन (स्टोरेजमधून कापून दिलेला डिस्कचा तुकडा) देऊन डिस्क विटनेस, सोपं. फाइल शेअर विटनेस केलात तर तो याच क्लस्टरच्या शेअरवर ठेवू नका, आणि क्लस्टरच्या कॉम्प्युटर खात्याला त्या शेअरवर पूर्ण परवानगी द्या.

व्हॅलिडेशन टेस्ट डेटा टाकायच्या आधी पूर्ण चालवा. स्टोरेजची चाचणी डिस्क ऑफलाइन करते, नंतर चालवायची हिंमत होत नाही. आणि जुने लन नव्या नोडना ‘फक्त बघायला’ म्हणून कधीही दाखवू नका. एकच एनटीएफएस दोन क्लस्टरनी एकाच वेळी लिहिलं की त्यानंतर चेकडिस्क जे करतं त्याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

---

गिरणाकाठ

सगळ्यांचे आभार, कामाला लागलो. डीडुप निघालं बरोबर, खरा डेटा ७.१ टीबी. दोन रात्रींत पहिली फेरी झाली. आता तीन गोष्टी:

टास्क शेड्युलर रोबोकॉपीच्या जॉबपुढे ‘३’ असा निकाल दाखवतोय, शून्य नाही. गडबड आहे का?

वजनकाट्याचा पीसी एक्सपीवर आहे, काट्याचं सॉफ्टवेअर दुसऱ्यावर चालत नाही. आणि दोन जुनी स्कॅनर-प्रिंटर यंत्रं. तिन्ही नव्या शेअरला जोडत नाहीत.

आणि शेवटच्या रात्रीचा क्रम, नाव नेमकं कसं हलवायचं तो, कोणीतरी सविस्तर लिहा.

---

केळीचं_खांब

पहिल्याचं उत्तर: ३ म्हणजे १ अधिक २. १ म्हणजे काही फाइली कॉपी झाल्या, २ म्हणजे पलीकडे जास्तीच्या होत्या. ८ च्या आतलं सगळं ठीक. ८ किंवा वर आलं की काहीतरी गेलं नाही, लॉग उघडा. १६ म्हणजे सुरूच झालं नाही, बहुतेक पाथ चुकलाय.

दुसरं: एक्सपी फक्त एसएमबी १ (शेअर उघडायची जुनी, असुरक्षित भाषा) बोलतं, आणि सर्व्हर २०२२ वर ते मुळात टाकलेलंच नसतं. एका काट्यासाठी क्लस्टरवर एसएमबी १ चालू करू नका, सगळ्या कोठाराचं दार उघडं पडेल. एक छोटा वेगळा डबा, फक्त काट्याच्या आणि स्कॅनरच्या सबनेटमध्ये, त्यावर एकच शेअर. दर पाच मिनिटांनी नव्या बाजूने तिथल्या पावत्या ओढून घ्यायच्या. त्या डब्याला क्लस्टरवर लिहायची परवानगी द्यायची नाही. स्कॅनरमध्ये एफटीपीचा पर्याय असेल तर तोही त्याच डब्यावर.

आणि नवे पीसी घेतले असतील तर लक्षात ठेवा, विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती एसएमबी साइनिंग मागतेच आणि पाहुणा म्हणून विनापासवर्ड शेअर उघडू देत नाही. धुळ्याच्या सांबावर ‘गेस्ट ओके’ असेल तर तिथे ते अडेल.

---

तोरणमाळ

तिसरं मी घेतो. आठ दिवस आधी: ‘कोठार’ कुठेकुठे लिहिलंय ते शोधा. ग्रुप पॉलिसीतले ड्राइव्ह मॅप, टॅलीच्या आयएनआय फाइलीतला डेटाचा पाथ, बॅकअप जॉब, स्कॅनरची ॲड्रेस बुक. नाव तेच राहणार म्हणून यातलं बहुतेक आपोआप चालेल, पण कोणीतरी कुठेतरी आयपी लिहून ठेवलेला असतोच. लोकल ग्रुपना दिलेल्या परवानग्याही शोधा. जुन्या नोडवर बनवलेल्या लोकल ग्रुपचा सिड नव्याला माहीत नसतो, परवानगीच्या यादीत नुसता लांबलचक आकडा उरतो. त्या आधीच डोमेन ग्रुपला बदला. बिल्टइन ॲडमिनिस्ट्रेटर्सचा सिड सगळीकडे सारखा, त्याची काळजी नाही.

नवी फाइल सर्व्हर भूमिका ‘कोठारनवे’ नावाने करा, शेअर बनवा, दहा माणसांना आठवडाभर वाचायला द्या. नव्या क्लस्टरच्या खात्याला ओयूमध्ये (डोमेनमधल्या खात्यांच्या कप्प्यात) कॉम्प्युटर ऑब्जेक्ट बनवायची परवानगी लागते, ती नसेल तर भूमिका ऑनलाइनच येणार नाही.

शनिवार संध्याकाळ. टॅली सगळीकडून बंद, नुसती मिनिमाइझ नव्हे. बॅकअप पूर्ण झाल्याची आणि त्यातली एक फाइल खरोखर परत येते याची खात्री. शेअरच्या परवानगीत सगळ्यांना फक्त ‘रीड’. क्लोज-एसएमबीओपनफाइलने उरलेल्या उघड्या फाइली बंद. मग शेवटची रोबोकॉपी, /सेकफिक्ससह. ३८ लाख फाइली नुसत्या तपासायलाही वेळ लागतो, तो चाचणीच्या रात्री मोजून ठेवा. दोन्ही बाजूंचं अँटिव्हायरस तेवढ्यापुरतं रोबोकॉपीला वगळायला सांगा, फरक पडतो. नंतर तीच कमांड /एल लावून, म्हणजे फक्त यादी, कॉपी नाही. कॉपी, एक्स्ट्रा, फेल्ड तिन्ही रकान्यांत शून्य आलं पाहिजे.

आता नाव. जुन्या क्लस्टरमध्ये भूमिकेचं नेटवर्क नाव ‘कोठार’चं ‘कोठारजुने’ करा. भूमिका डिलीट करू नका. डिलीट केली की तिचं कॉम्प्युटर खातं डिसेबल होतं आणि परतीचा रस्ता लांबतो. धुळे-जळगावच्या डोमेन कंट्रोलरमध्ये रेप्लिकेशन जबरीने करून घ्या. डीएनएसमधली ‘कोठार’ची जुनी ए नोंद (नावापुढे आयपी लिहिलेली ओळ) हाताने पुसा. हे विसरतात. ती नोंद जुन्या खात्याच्या मालकीची असते, सुरक्षित डायनॅमिक अपडेटमध्ये नवं खातं तिच्यावर लिहू शकत नाही, इव्हेंट ११९६ येत राहतो. मग नव्या क्लस्टरमध्ये ‘कोठारनवे’चं ‘कोठार’. ऑनलाइन आलं, डीएनएसमध्ये नवी नोंद दिसली की एका साध्या पीसीवरून, साध्या युजरने तपासा. ॲडमिनने तपासलं तर सगळंच उघडतं, त्याचा उपयोग नाही.

त्या पीसीवर आधी आयपीकॉन्फिगने डीएनएस फ्लश, आणि केलिस्ट पर्ज. केर्बेरॉसचं (डोमेनच्या लॉगिन-पद्धतीचं) जुनं तिकीट जुन्या खात्याच्या किल्लीने बांधलेलं असतं, डीफॉल्टने १० तास जगतं. सोमवारपर्यंत लोकांची तिकिटं आपोआप संपलेली असतील, अडचण शनिवारी रात्री तुम्हालाच येईल आणि उगाच वाटेल की सगळं बिघडलं.

मग फेलओव्हर दोनदा: भूमिका दुसऱ्या नोडवर, परत. एकदा चालत्या नोडची वीज काढून. एकदा स्टोरेजची एक केबल काढून. हे रविवारी दुपारी चारच्या आत. त्या वेळेपर्यंत काही अडलेलं असेल तर नावं उलट फिरवून जुन्यावर या, त्याला दहा मिनिटं लागतात. सोमवारी लोकांनी नव्यावर लिहायला सुरुवात केली की मागे येणं म्हणजे डेटा उलटा आणणं, ते वेगळंच प्रकरण होतं.

कोटा आणि फाइल स्क्रीन एफएसआरएममध्ये (विंडोजचं फाइल सर्व्हर सांभाळायचं साधन) असतील तर टेम्पलेट एक्सपोर्ट-इम्पोर्ट करावे लागतात, फाइलींसोबत येत नाहीत. शॅडो कॉपीचं वेळापत्रक नव्याने. पहिला बॅकअप पूर्ण होणार, ७.१ टीबीचा, म्हणून त्याची डिस्क आधी रिकामी ठेवा. जुनी पेटी महिनाभर तशीच, शेअर फक्त वाचायला, रोबोकॉपीचा जॉब पुसलेला.

---

गिरणाकाठ

‘कोठार’ची ए नोंद आत्ताच डीएनएसमध्ये बघितली. मालक म्हणून जुनं खातंच दिसतंय. शिवाय कोणीतरी त्याच नावाकडे बोट दाखवणारा एक सीनेमही (डीएनएसमधलं दुसरं नाव) ‘गोदाम’ म्हणून करून ठेवलाय आणि तो तीन एक्सेलमध्ये लिंक आहे. याचं काय?

---

तोरणमाळ

सीनेम ‘कोठार’कडेच बोट दाखवतो, त्यामुळे नाव हलल्यावर आपोआप नव्याकडे जाईल. पण ‘गोदाम’ नावाचा एसपीएन (केर्बेरॉसला लागणारी सर्व्हरच्या नावाची नोंद) कोणाकडेच नोंदलेला नसणार, म्हणजे आजवर ते एनटीएलएमवर (जुन्या लॉगिन-पद्धतीवर) चालत आलंय. जुन्या बाजूला बहुतेक ‘स्ट्रिक्ट नेम चेकिंग’ बंद केलेलं असेल म्हणून चाललं. क्लस्टरवर सीनेम आणि रजिस्ट्रीच्या भानगडीत न पडता नव्या भूमिकेच्या नेटवर्क नावाला ‘गोदाम’ हे उपनाव म्हणून जोडा, त्यासाठी ‘अलायसेस’ पॅरामीटर आहे. आधी हाताने केलेला सीनेम पुसा, मग जोडा, नाव ऑफलाइन-ऑनलाइन करा. आणि तीन एक्सेलच आहेत तर ‘एडिट लिंक्स’मधून पाथ बदलून टाका भो, पंधरा मिनिटांचं काम.